एका शेतकरी सैनिकाचीं आपल्या पत्नीस पत्रें

धर्मग्रामाच्या महोत्सवाचा अंक हातीं घेतला म्हणजे आपले पूर्वज, आपलें देऊळ व आपले धर्मगुरू यांची आठवण व्हावी हें स्वाभाविक आहे. असें असूनही या अंकाचीं दोन पानें आम्हीं एका दूरदेशच्या शेतकऱ्यास देत आहों. तो धर्मगुरू नव्हता, पंडितही नव्हता. गांवच्या देवळाची व्यवस्था पाहणारा तो एक साधा प्रपंची सेवक होता. आणि त्याची खरी ओळख जगास झाली ती त्यानें आपल्या पत्नीस लिहिलेल्या पत्रांवरून.

फ्रान्झ येगरश्टेटर याचा जन्म ता. २० मे १९०७ रोजीं उत्तर ऑस्ट्रियांतील सेंट राडेगुंड या खेड्यांत झाला. त्याचा पिता पहिल्या महायुद्धांत मरण पावला. पुढें त्याच्या आईनें येगरश्टेटर आडनांवाच्या शेतकऱ्याशीं विवाह केला व त्यानें या मुलास दत्तक घेतलें. तरुणपणीं फ्रान्झ कांहींसा स्वच्छंदी असे; गांवांतील पहिली मोटारसायकल त्याचीच. सन १९३६ च्या पवित्र गुरुवारीं फ्रान्झिस्का नांवाच्या भाविक मुलीशीं त्याचा विवाह झाला आणि नवदंपती रोमच्या यात्रेस गेलीं. या संसारांत त्यांस तीन मुली झाल्या. पत्नीच्या संगतीनें फ्रान्झच्या भक्तीस खोल मुळें फुटलीं.

सन १९३८ च्या मार्च महिन्यांत हिटलरनें ऑस्ट्रिया गिळंकृत केला. एप्रिलमध्यें लोकांचा कौल घेण्यांत आला, तेव्हां साऱ्या गांवांत एकट्या फ्रान्झनें विरुद्ध मत दिलें. पुढें युद्ध पेटलें व १९४० सालीं त्यास सैन्यांत बोलावणें आलें. त्या वर्षाच्या ऑक्टोबरपासून पुढील एप्रिलपर्यंत तो लष्करी शिक्षण घेत होता. पतिपत्नींचा पत्रव्यवहार याच काळांत जोमानें सुरू झाला. तो छावणींतील दिनचर्या कळवी. ती गाईगुरें, शेत व मुलींचे खेळ यांविषयीं लिही. वाचणारास वाटावें, हीं तर कोणत्याही शेतकरी कुटुंबाचीं पत्रें! आणि खरोखर तीं तशींच आहेत.

गांवच्या अधिकाऱ्यांच्या खटपटीनें तो शेतीसाठीं घरीं परतला; परंतु मनाशीं त्यानें गांठ बांधली कीं, अन्यायाच्या या युद्धांत पुन्हां शस्त्र धरावयाचें नाहीं. धर्मगुरूंस त्यानें विचारलें. लिन्झच्या बिशपांपुढें त्यानें आपली शंका मांडली. आपल्या कुटुंबाकडे पाहावें, असाच उपदेश त्यास मिळाला. हा उपदेश निष्ठुर नव्हता. घरांत तीन लहान मुली, वृद्ध आई, तरुण पत्नी. हें ओझें तो जाणत होता. फ्रान्झिस्कानेंही प्रथम त्याचें मन वळविण्याचा यत्न केला. मग तिनें पाहिलें कीं, सारेच त्याच्याशीं वाद घालीत आहेत. आपणही सोडलें तर त्याला कोणी उरणार नाहीं. तेव्हांपासून ती त्याच्या पाठीशीं उभी राहिली.

ता. १ मार्च १९४३ रोजीं तो छावणींत हजर झाला आणि लढण्यास नकार देऊन लिन्झच्या तुरुंगांत गेला. जखमींची शुश्रूषा करण्याची त्याची तयारी होती; ती कोणीं मानली नाहीं. विवाहास सात वर्षें झालीं त्या दिवशीं, ता. ९ एप्रिल रोजीं, त्यानें तुरुंगांतून पत्नीस पत्र लिहिलें. त्यांत त्या सुखाच्या वर्षांबद्दल कृतज्ञता भरली आहे. शेतीचीं कामें, मुलींचे लाड, आईची चिंता हीं त्याच्या तुरुंगांतील पत्रांतूनही सुटलीं नाहींत. इकडे ती मुलींस पोसून, नांगरणी-पेरणी अंगावर घेऊन, त्याला धीर देत होती. बाबांनीं लवकर घरीं यावें, अशा अर्थाची पाटी धरलेल्या तिन्ही मुलींचें छायाचित्र तिनें त्यास पाठविलें. तें पाहतांना बापाच्या काळजाचें काय झालें असेल, हें आम्हीं सांगावयास नको.

मे महिन्यांत त्यास बर्लिनला नेण्यांत आलें. ता. ६ जुलै रोजीं युद्धन्यायालयानें देहान्ताची शिक्षा फर्माविली. त्यानंतर थोड्याच दिवसांनीं फ्रान्झिस्का गांवच्या धर्मगुरूंसह बर्लिनला गेली; भेटीस अवघीं वीस मिनिटें मिळालीं. ता. ९ ऑगस्ट १९४३ रोजीं ब्रांडेनबुर्ग येथें त्याचा शिरच्छेद झाला. त्याच दिवशीं लिहिलेल्या शेवटच्या पत्रांत त्यानें घरच्यांची क्षमा मागितली व सर्वांस प्रेमाचा निरोप दिला. त्यांत कोणाविषयींही कडवटपणा नाहीं.

पुढील दुःख पत्नीच्या वांट्यास आलें. कित्येकांनीं तिलाच दोष दिला. सैनिकाच्या विधवेचें वेतनही तिला १९५० पर्यंत मिळालें नाहीं. १९४६ सालीं पतीची रक्षा गांवीं आली व देवळाच्या भिंतीलगत पुरण्यांत आली. तिनें पत्रें मात्र जपून ठेविलीं. सन १९६४ मध्यें गॉर्डन झान या अमेरिकन लेखकाच्या ग्रंथानें ही कथा जगापुढें आली. येथें आम्हां मुंबई इलाख्यांतील कॅथॉलिकांस अभिमानाची एक गोष्ट सांगावीशी वाटते. १९३७ ते १९५० या काळांत मुंबईचे आर्चबिशप असलेले थॉमस रॉबर्ट्स यांनीं १९६५ मध्यें दुसऱ्या व्हॅटिकन महासभेपुढें याच शेतकऱ्याचा दाखला ठेविला. शस्त्र धरण्यास सदसद्विवेकबुद्धीनें नकार देणारांसाठीं कायद्यांत माणुसकीची तरतूद असावी, असें त्या महासभेनेंही म्हटलें.

बर्लिनच्या न्यायालयानें १९९७ मध्यें ती शिक्षा रद्द केली. ता. २६ ऑक्टोबर २००७ रोजीं लिन्झ येथें फ्रान्झ यांस धन्यवादित घोषित करण्यांत आलें, तेव्हां चौऱ्याण्णव वर्षांच्या फ्रान्झिस्काबाई तेथें उपस्थित होत्या. वयाचीं शंभर वर्षें पुरीं करून २०१३ मध्यें त्या प्रभुचरणीं विलीन झाल्या.

सैन्यांत इमानानें सेवा केलेल्या आपल्या बांधवांविषयीं आम्हांस आदरच आहे. या पत्रांतून आम्हीं इतकेंच घेतों कीं, विवेकाचा आवाज ऐकण्यास माणसानें घरदार विसरावें लागत नाहीं. ज्या हातानें फ्रान्झनें पेरणीविषयीं विचारलें, त्याच हातानें त्यानें मरण पत्करिलें. आणि ज्या घरीं तीं पत्रें वाचलीं गेलीं, त्या घरानें त्याची किंमत मोजली. आपल्या देवळांत मिसाच्या वेळीं मृतांचें स्मरण होईल तेव्हां वाचकांनीं या पतिपत्नींचीही आठवण करावी, एवढीच आमची विनंती.