टोकियो, २० मार्च १९९५: विषाचं नाव कळेपर्यंत

सकाळी ८ च्या सुमारास
सोमवार, कामावर जाणाऱ्यांची गर्दी. ओम शिनरिक्यो पंथाचे पाच जण मेट्रोच्या तीन मार्गांवरच्या पाच गाड्यांत चढलेत. वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या ते छत्रीच्या टोकदार दांडीने फोडतात आणि उतरून जातात. द्रवाची वाफ होऊ लागते. पाचही गाड्या कासुमिगासेकीकडे, सरकारी कचेऱ्यांच्या भागाकडे निघाल्या आहेत.

८:१६
सेंट ल्यूक रुग्णालयाला अग्निशमन दलाचा निरोप: मेट्रो स्थानकात गॅसचा स्फोट. डॉक्टर भाजलेल्यांची तयारी करतात.

साडेआठ
पहिला रुग्ण चालत येतो. भाजल्याची खूण नाही, तक्रार डोळ्यांची. मागोमाग रुग्णवाहिका, टॅक्सी, पायी येणारी माणसं. तासाभरात सुमारे ५००. बहुतेकांच्या डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या.

९:२०
८३ वर्षांचे संचालक शिगेआकी हिनोहारा बाह्यरुग्ण विभाग आणि ठरलेल्या शस्त्रक्रिया बंद करायला लावतात. चॅपलमध्येही खाटा पडतात. युद्धातले हवाई हल्ले पाहिलेल्या या माणसाने नव्या इमारतीत चॅपलच्या भिंतींतही ऑक्सिजनच्या नळ्या बसवून घेतल्या होत्या.

साडेनऊनंतर
अग्निशमन दल सांगतं, ॲसिटोनायट्राइल सापडलं. ते मिश्रणात होतंही, पण द्रावक म्हणून. शरीरात त्याचं सायनाइड होतं. बाहुल्या मात्र त्याने आकसत नाहीत.

इथे प्रयोगशाळा बोलते. रक्तातलं कोलिनएस्टरेज घसरलेलं. हे विकर थांबलं की मज्जातंतूंचा संदेश थांबवणारं कुणी उरत नाही: लाळ, घाम, उलट्या, मग श्वास कोंडतो. म्हणजे कीटकनाशकांच्या जातकुळीचं विष. जपानमध्ये ही चाचणी यकृताच्या नेहमीच्या तपासणीत असते, म्हणून यंत्र, रसायनं, माणसं आधीच हाताशी. मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते हेच. २०१७ मध्ये यवतमाळला फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-मजूर दगावले, तेव्हा सरकारी रुग्णालयात हीच चाचणी होत नसल्याचा मुद्दा पुढे आला होता.

अर्थात, दारात कुणाला आधी आत घ्यायचं हे चाचणी ठरवत नाही. ते श्वास आणि नाडी ठरवतात. वाफ थेट डोळ्यांना लागलेल्या अनेकांचं कोलिनएस्टरेज तर जवळपास ठीकच असतं. शिवाय निरोगी माणसांतही त्याचा आकडा बराच वरखाली असतो. आकडा उपयोगी पडतो तो नंतर: कुणाला ठेवून घ्यायचं, कुणाकडे पुन्हा पाहायचं.

साडेदहाच्या आसपास
मात्सुमोतोहून डॉक्टरांचा फोन. टीव्हीवरची लक्षणं त्यांनी आधी पाहिलेली आहेत: जून १९९४ मध्ये त्यांच्या शहरात सेरिन हे विष पसरलं होतं. उपचारांची घाई यासाठी, की सेरिनने धरलेलं विकर साधारण पाच तासांत निम्मं कायमचं निकामी होतं. निकामी झालेल्या विकराला पॅम हे औषध सोडवू शकत नाही. ॲट्रोपिन हे दुसरं औषध तेवढं चालू राहतं.

११:००
पोलीस जाहीर करतात: सेरिन. रुग्णालयाला ते टीव्हीवरून कळतं.

दिवसअखेर
सेंट ल्यूकमध्ये ६४० रुग्ण: ५ अत्यवस्थ, १०७ मध्यम, ५२८ सौम्य. शहरात मृतांचा आकडा पुढे चौदावर जातो. रुग्णांचे कपडे आल्याआल्या उतरवले गेले नव्हते, चॅपलमध्ये हवा खेळती नव्हती. संध्याकाळपर्यंत शंभराहून अधिक कर्मचाऱ्यांना स्वतःलाच अंधुक दिसू लागणं, डोकं दुखणं असे त्रास सुरू झालेले असतात.