काशीतील मराठी आचार : वेष, वाट आणि अन्न

काशीतील महाराष्ट्राचा इतिहास आजवर बहुधा दोनच साक्षीदारांच्या आधारे लिहिला गेला आहे : एक दगड आणि दुसरी पोथी. दगडाची साक्ष काढावयाची, तर १७८० च्या सुमारास अहिल्याबाई होळकरांनी उभारलेले विश्वेश्वराचे देऊळ आहे, नागपूरकर भोसल्यांचा घाट आहे, शिंद्यांचा घाट आहे. पोथीची साक्ष त्याहूनही भरभक्कम आहे. शके १४९५ मध्ये, म्हणजे १५७३ साली, एकनाथांनी भागवताच्या एकादश स्कंधावरील आपली टीका याच नगरीत पुरी केली. पैठणाहून आलेल्या भट्ट घराण्यातील नारायणभट्टांनी ‘त्रिस्थलीसेतु’ रचला. त्यांचे नातू कमलाकरभट्ट यांचा ‘निर्णयसिंधु’ १६१२ सालचा. आणि त्यांचे पणतू गागाभट्ट १६७४ साली शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकासाठी रायगडावर गेले. हा सारा वारसा निःसंशय गौरवास्पद आहे. परंतु घाट बांधणारा आणि ग्रंथ लिहिणारा यांच्यामध्ये जो सामान्य मराठी माणूस पिढ्यान्‌पिढ्या या शहरात राहिला, तो काय नेसत होता, कोणत्या वाटेने चालत होता आणि घराबाहेर पडल्यावर काय खात होता, हा प्रश्न आपल्या इतिहासकारांस व समीक्षकांस क्षुल्लक वाटत आला. तो क्षुल्लक नाही, एवढेच येथे मांडावयाचे आहे.

या प्रश्नाचा विचार करण्यास ब्रह्माघाटाइतके सोयीचे ठिकाण दुसरे नाही. पंचगंगेकडून उत्तरेस निघाले की प्रथम दुर्गाघाट लागतो आणि त्याला लागूनच ब्रह्माघाट. पेशव्यांना गुरुस्थानी असलेले नारायण दीक्षित पाटणकर अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात काशीस येऊन राहिले. हे दोन्ही घाट बांधविण्याचे व त्यांच्या आसपास दक्षिणी ब्राह्मणांची वस्ती वसविण्याचे श्रेय त्यांच्याकडे जाते. पायऱ्या चढून वर आले की दोन माणसे समोरासमोर आली असता एकाने अंग चोरावे अशा गल्ल्या सुरू होतात. त्यांत मराठी वाडे आहेत. मात्र स्थानिक बोलीत त्यांचा उच्चार ‘बाडा’ असा होतो. एका अक्षराचा हा बदल ध्यानात ठेवण्याजोगा आहे. वास्तू मराठी राहिली आणि उच्चार गंगेकाठचा झाला. येथील मराठी जीवनाची घडण पुष्कळ अंशी अशीच आहे.

वेष, वाट आणि अन्न या तीन गोष्टी आज आपण वेगळ्या मानतो. वेष ही आवडीची बाब, प्रवास ही सोयीची आणि बाहेरचे खाणे ही चैनीची. ब्रह्माघाटावरच्या जुन्या कुटुंबाच्या लेखी मात्र ही एकाच आचाराची तीन अंगे होती. जेवावयाचे तर स्नान करून सोवळे नेसावयाचे. रेशमी मुकटा हा केवळ पूजेचा नव्हे, तर भोजनाचाही पोशाख होता. ज्या वस्त्राने माणूस गल्लीतून चालला, त्या वस्त्राने तो पानावर बसू शकत नव्हता. म्हणजे वस्त्राने वाट ठरे आणि वाटेने अन्न ठरे. घाटावर स्नानास उतरणाऱ्या बायकांत मराठी बाई तिच्या कासोट्यावरून दुरूनही ओळखू येई. शेजारणी दुसऱ्या पद्धतीने साडी नेसत असता तिने नऊवारी सोडली नाही, याचे कारण केवळ अभिमान नव्हे. ते नेसणे तिच्या स्वयंपाकघराच्या नियमांशी बांधलेले होते. आणि देवघेव एकतर्फी नव्हती, याची साक्ष आपल्या लग्नमंडपात आजही मिळते. बनारसच्या मागावर विणलेला जरीचा ‘शालू’ महाराष्ट्रातील वधूचे मानाचे वस्त्र होऊन बसला. तो परका आहे असे कोणासही वाटत नाही.

अन्नाच्या बाबतीत दोन आचारपद्धतींची गाठ कशी पडली, हे पाहणे अधिक उद्बोधक आहे. पुष्कळ वर्षांपूर्वी एका हिंदी लेखाचा अनुवाद करताना प्रस्तुत लेखकाने ‘कच्ची रसोई’ या शब्दांचा अर्थ ‘न शिजविलेले अन्न’ असा केला होता. चूक लाजिरवाणी होती, पण तिने डोळे उघडले. उत्तरेत पाण्यात शिजविलेले ते कच्चे आणि तुपात तळलेले ते पक्के. भात, डाळ, साधी रोटी ही कच्ची, म्हणून चुलीपाशीच खावयाची; पुरी आणि कचोरी पक्की, म्हणून ती बाजारात विकत घेता येते, हातात धरून नेता येते. काशीच्या गल्लीत सकाळी कचोरी आणि जिलेबी यांचा घमघमाट सुटतो, त्यामागे केवळ जिभेचे चोचले नाहीत. शुद्धाशुद्धतेचे एक संपूर्ण शास्त्र आहे. आपल्याकडे हेच काम दशमी करीत होती. पाण्याऐवजी दुधात भिजविलेल्या पिठाची दशमी खरकट्यात मोडत नाही, म्हणून ती शिदोरीत बांधून वाटेवर खाता येई. दशमी आणि कचोरी यांचे नाते चवीचे नसून तर्काचे आहे. आणि हा तर्क आधीच ठाऊक असल्यामुळेच दक्षिणी माणसाला काशीच्या बाजारात पहिला घास घेणे फारसे अवघड गेले नसावे. हिवाळ्यात ठठेरी बाजार व चौखंबा या भागांत मिळणारी ‘मलइयो’ ही तर दोन्ही शास्त्रांना मान्य व्हावी अशी. रात्रभर दवात ठेवलेल्या दुधाचा घुसळून काढलेला केशरी फेस. त्यात ना धान्य, ना त्याचे शिजणे.

‘बाहेर जेवणे’ या शब्दप्रयोगाचा अर्थ मात्र फार वेगळा होता. परगावच्या ब्राह्मणाला घराबाहेर पोटभर वरणभात मिळे तो अन्नछत्रात किंवा यजमानाच्या पंक्तीत. तेथे पैसे द्यावे लागत नसत. उलट दक्षिणा मिळे. गोडसे भटजी १८५७ साली वरसईहून उत्तरेस निघाले ते अशाच दक्षिणेच्या आशेने. त्यांनी १८८३ साली लिहिलेली हकीकत चिंतामण विनायक वैद्यांनी संस्कारित करून १९०७ साली ‘माझा प्रवास’ या नावाने छापली आणि मूळ संहिता दत्तो वामन पोतदारांनी १९६६ साली उजेडात आणली. आपण तो ग्रंथ झाशीच्या वेढ्यासाठी वाचतो, आणि ते योग्यच आहे. परंतु त्या प्रवासाचा शेवट रणांगणावर होत नाही. काशीस जाऊन आलेला हा याज्ञिक खांद्यावर गंगेची कावड घेऊन घरी परततो. पायी चालणे, शुचिर्भूत राहणे आणि पोट भरणे या तिन्ही चिंता त्या ग्रंथात एकमेकींत गुंतलेल्या आहेत. तेथेच मराठी प्रवासवर्णनाचे खरे मूळ शोधावयास हवे.

१८८७ साली राजघाटापाशी गंगेवर आगगाडीचा पूल झाला. कित्येक महिन्यांची वाट दिवसांवर आली. कावडीची जागा गडूने घेतली. डब्यात शेजारी कोण बसेल हे प्रवाशाच्या हाती उरले नाही, आणि सोवळ्याचे वस्त्र वळकटीत गेले. पुढे खाणावळी आल्या, उपाहारगृहे आली; सदरा आणि वहाणा घालून, पैसे मोजून, अनोळखी माणसाशेजारी जेवणे हा रोजचा व्यवहार झाला. या बदलाबद्दल हळहळण्याचे कारण नाही. जुन्या पंक्तीत सर्वांना जागा नव्हती. जन्मावरून माणसाला दाराबाहेर ठेवणारी ती व्यवस्था होती. दुकानाच्या बाकाने ती भिंत पूर्णपणे पाडली नसली तरी तिला भगदाड पाडले, हे मान्य केलेच पाहिजे.

खंत आहे ती निराळी. आचार गेला, त्यासोबत त्याची शब्दसृष्टीही चालली आहे. आणि ती नोंदण्याचे काम आपण केलेले नाही. काशीतच १८८३ साली जन्मलेले मराठीभाषी बाबूराव विष्णु पराडकर हिंदी ‘आज’चे विख्यात संपादक झाले, १९५५ साली ते निवर्तले तेव्हा हिंदी पत्रसृष्टी पोरकी झाली. एका भाषेत जेवून दुसऱ्या भाषेत लिहिणाऱ्या अशा माणसांनी दोन्ही भाषांना काय दिले, याचा हिशेब ग्रंथसूचीवरून लागणार नाही. मुकटा, दशमी, खरकटे, बाडा हे शब्द कोणत्या घरात, कोणत्या प्रसंगी, कोणाच्या तोंडून उच्चारले जात, हे कळल्यावाचून तो लागणे नाही.

घाटाचे दगड पुरातत्त्ववेत्ते सांभाळतील आणि पोथ्या ग्रंथालये जपतील. स्वयंपाकघरातल्या शब्दाला असा कोणी पालक नसतो. वापरणारे माणूस गेले की तोही जातो. ब्रह्माघाटावरच्या वाड्यांत तो शब्द जोवर उमटतो आहे, तोवर एखाद्या अभ्यासकाने त्या पायऱ्या चढाव्यात, आणि शिलालेखाकडे वळण्यापूर्वी घरातल्या वडीलधाऱ्या बाईला विचारावे की, प्रवासाला निघताना आपल्या सासूबाई शिदोरीत काय बांधून देत असत?