उतार, उतारा आणि उतारपेठ : शोधशब्दांच्या नोंदीची कुळकथा

इंदापूर तालुक्याच्या दक्षिण सीमेवरून नीरा वाहते, उत्तरेकडून भीमा येते, आणि पूर्वेच्या टोकास नीरा-नरसिंहपूर येथे त्या दोघींचा संगम होतो. पूल नव्हते त्या काळी या नद्या जेथे पायी अथवा गाडीने ओलांडता येत त्या जागांस लोक 'उतार' म्हणत. १९८० साली पूर्ण झालेल्या उजनी धरणाच्या फुगवट्याखाली भीमेचे कित्येक उतार कायमचे गेले, परंतु शब्दाचा परिवार मात्र काठावर शाबूत राहिला. गाडीतून उतरणारा तो उतारू. माल जेथे उतरवून पुढे पांगविला जातो ती उतारपेठ. तलाठ्याच्या दप्तरातून आपल्या जमिनीपुरती नक्कल मिळते तो सातबाराचा उतारा. आणि वालचंदनगर, भवानीनगर, माळेगाव या टापूत तर 'यंदा उतारा किती?' असे कोणी विचारले की प्रश्न साखरेचा आहे, शंभर टन उसातून साखर किती टन पडली हे विचारणाऱ्याला हवे आहे, हे शाळकरी पोरालाही कळते.

गेल्या तीस वर्षांत या परिवारास एक नवा नातलग मिळाला आहे. संगणकाच्या जाळ्यावर काही शोधीत निघालेला अनोळखी मनुष्य ज्या पानावर प्रथम पाऊल टेकतो त्या पानास व्यवसायातील लोक 'लँडिंग पेज' म्हणतात. मी त्यास उतारपेठ म्हणेन. तो कोणता शब्द टाकून आला, त्या शब्दाच्या यादीत आपले पान कितव्या क्रमांकावर उभे होते, तो कोणत्या पानावर उतरला, आणि आलेल्या शंभरांपैकी कितीजणांचे काम तेथे झाले, या चार गोष्टी नित्य टिपून ठेवण्याची एक विद्या आज सर्वत्र चालू आहे. या विद्येचे वय थोडे दिसते, पण कुळ जुने आहे, आणि त्या कुळाच्या दोन शाखा आपल्याच अंगणातील आहेत.

पहिली शाखा 'प्रतीक' या संज्ञेची. वैदिक परंपरेत प्रतीक म्हणजे ऋचेचे वा सूक्ताचे आरंभीचे पद. सबंध सूक्त न म्हणता एवढे पद उच्चारले की जाणत्याने पुढचे ओळखावे, असा संकेत. कात्यायनाच्या नावावर असलेल्या सर्वानुक्रमणीत ऋग्वेदातील प्रत्येक सूक्ताचे प्रतीक देऊन त्यापुढे ऋचांची संख्या, ऋषी, देवता आणि छंद यांची नोंद सूत्ररूपाने केलेली आहे. हातात एक पद असावे आणि त्यावरून मुक्कामाचा पत्ता व त्या स्थळाची लक्षणे कळावी, ही शोधशब्दाची संपूर्ण कल्पना तेथे सिद्ध झालेली दिसते. पॅरिसच्या डोमिनिकन साधूंनी ह्यू ऑफ सेंट-शेर याच्या देखरेखीखाली तेराव्या शतकात बायबलातील शब्दांची स्थळसूची केली तिचे मोल मोठे आहेच. तथापि आपल्याकडे ही परंपरा केवळ प्राचीन म्हणून थांबली नाही, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते. पुण्यात ६ जुलै १९१७ रोजी स्थापन झालेल्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९६६ साली पुरी केली आणि तेवढ्यावर हात न झटकता १९६७ ते १९७२ या काळात सहा खंडांची प्रतीकसूची छापली, जिच्या आधारे श्लोकाच्या एखाद्या चरणाचा आरंभ आठवला तरी पर्व, अध्याय आणि श्लोक हाती लागतो. त्याच शहरात डेक्कन कॉलेजात डॉ. सु. मं. कत्रे यांनी १९४८ साली आरंभिलेल्या संस्कृत महाकोशासाठी सुमारे एक कोटी चिठ्ठ्या लिहिल्या गेल्या. प्रत्येक चिठ्ठीवर शब्द आणि त्याचे स्थळ. ज्या सुमारास या चिठ्ठ्या लिहिल्या जात होत्या त्याच सुमारास, १९५० च्या दशकाच्या अखेरीस, आयबीएम कंपनीतील हान्स पीटर लून यंत्राकडून शब्द त्यांच्या संदर्भासह मांडून घेण्याची पद्धत सिद्ध करीत होता. पुण्यातील हात आणि अमेरिकेतील यंत्र एकाच कामाला लागले होते.

प्रतीकसूचीत एक गोष्ट मात्र नाही. कोणी येऊन कोणते पद विचारले, याची तिला वार्ता नसते. ती वार्ता ठेवण्याची रीत दुसऱ्या शाखेकडून, म्हणजे कचेरीकडून आली.

आजही पोलीस ठाण्यात, जिल्हाधिकारी कार्यालयात, जिल्हा परिषदेत अर्ज घेऊन जावे तर तो प्रथम 'बारनिशी'त द्यावा लागतो. फडणीस, चिटणीस यांच्याप्रमाणेच येथेही 'नीस' आहे, म्हणजे फार्सीतला नवीस, लिहिणारा. बारनिशीच्या वहीतील रकाने पाहावेत : कागद कोणत्या तारखेस आला, कोणाकडून आला, विषय काय, कोणत्या टेबलाकडे गेला, निकाल काय लागला. अभ्यागताच्या नोंदीचे सारे अंग या पाच रकान्यांत आहे. कागद ज्या टेबलावर गेला ते उतारपेठेचे पान, विषय हा शोधशब्द, आणि निकाल हा उतारा. ज्या बारनिशी कारकुनाची वही चोख असेल त्यास कोणत्या गावातून कोणत्या तक्रारी वाढत आहेत हे साहेबाच्या आधी कळते, हे कचेरीत वावरलेल्या कोणालाही सांगावयास नको.

साखर कारखान्याने ही रीत अधिक काटेकोर केली. वालचंद हिराचंद दोशी (१८८२–१९५३) यांनी कळंब गावाच्या परिसरात ऊसमळे उभारले, १९३० च्या दशकात तेथे साखर कारखाना आणि त्याभोवती वसाहत आली, आणि त्या वसाहतीस त्यांचेच नाव मिळाले. १९६१ च्या कमाल जमीनधारणा कायद्यानंतर मळ्यांच्या जमिनी १९६३ साली स्थापन झालेल्या शेती महामंडळाकडे गेल्या. वालचंदनगरच्या कारखान्यात यंत्रेही घडू लागली, पुढे अग्निबाणांची कवचेही येथे घडली. पण या टापूतील कोणत्याही साखर कारखान्याची खरी बुद्धी मला त्याच्या शेतकी खात्याच्या नोंदीत दिसते. शेतकऱ्याने ऊस लावला की नोंद द्यावयाची : गट क्रमांक, क्षेत्र, लागणीची तारीख, उसाची जात. तोडीची पाळी आली की चिटबॉय चिठ्ठी देतो. गाडी काट्यावर भरलेली तोलतात, रिकामी तोलतात. रस प्रयोगशाळेत जातो, त्यातील विरघळलेले घन (ब्रिक्स) व साखर (पोल) मोजतात. आणि सरतेशेवटी उतारा निघतो. गव्हाणीत पडलेला ऊस कोणत्या गटातून, कोणत्या जातीचा, किती महिन्यांचा होता हे ठाऊक नसेल तर उतारा घसरला एवढेच कळते, का घसरला ते कळत नाही. नोंदीचे मूळ प्रयोजन या 'का'त आहे, आणि येथून पुढे जे सांगावयाचे आहे ते त्याच्याच गहाळ होण्याविषयी आहे.

१९९० च्या दशकाच्या आरंभी जाळ्यावरची पाने वाटणारी यंत्रे, म्हणजे सर्व्हर, आपोआप एक रोजनामा लिहू लागली. एकेक ओळ एकेका मागणीची : मागणाऱ्याचा पत्ता, वेळ, मागितलेले पान, ते मिळाले की नाही, आणि त्याचे आकारमान. पुढे तीत आणखी एक रकाना आला, पाहुणा कोणत्या पानावरून आला याचा. त्याचे इंग्रजी नाव लिहिताना एक 'आर' अक्षर गळले, ती चूक १९९६ च्या अधिकृत मसुद्यातही तशीच गेली, आणि आजतागायत त्या रकान्याचे नाव चुकीचेच लिहिले जाते. या रकान्यात एक अनपेक्षित धन सापडले. मनुष्य शोधयंत्राच्या यादीवरून आला असेल तर त्या यादीच्या पत्त्यात त्याने टाकलेले शब्द जसेच्या तसे उतरलेले असत. पाहुण्याने न सांगता त्याचे प्रयोजन यजमानाच्या वहीत लिहिले जात होते.

१९९५ साली केंब्रिजमधील स्टीफन टर्नर याने 'अ‍ॅनालॉग' हा रोजनामा वाचणारा कार्यक्रम फुकट उपलब्ध केला. सॅन डिएगो येथील 'अर्चिन' कंपनी गूगलने एप्रिल २००५ मध्ये विकत घेतली आणि तिचा कार्यक्रम त्याच वर्षी नोव्हेंबरात 'गूगल अ‍ॅनालिटिक्स' या नावाने विनामूल्य खुला केला. मागणी इतकी उसळली की काही काळ नवी नोंदणी थांबवावी लागली. जाहिरातींच्या पत्त्यांच्या शेपटीस 'यूटीएम' ही अक्षरे आजही दिसतात, त्यांतील पहिले अक्षर त्या अर्चिनचे आहे. यादीतील क्रमांकाचे प्रकरण निराळे. १९९८ साली लॅरी पेज आणि सर्गे ब्रिन यांनी ज्या पानास इतर वजनदार पाने दुवा देतात ते पान वर चढवावे असे गणित मांडले, त्यानंतर आपला क्रमांक जाणून घेण्याची धंदेवाल्यांची ओढ वाढली. तोच शब्द रोज स्वतः टाकून वहीत आकडा लिहिणारेही पुष्कळ होते. या क्रमांकाच्या ध्यासाविषयी माझे मत प्रतिकूल आहे. एकाच शब्दास इंदापुरात बसलेल्याला एक यादी दिसते आणि पुण्यात बसलेल्याला दुसरी. सरासरी क्रमांक ही त्या दोहोंच्या मधली जागा, जेथे प्रत्यक्षात कोणीच उभे नसते.

मग ऑक्टोबर २०११ मध्ये गूगलने आपल्या खात्यात प्रवेश करून शोधणाऱ्यांचे शब्द झाकावयास सुरुवात केली, आणि सप्टेंबर २०१३ पर्यंत जवळजवळ सर्वच शोध झाकले गेले. वहीतील त्या रकान्यात शब्दाच्या जागी 'पुरविलेले नाही' अशा अर्थाची खूण येऊ लागली. मनुष्य काय शोधतो हे त्याचे खाजगी आहे, आणि वाटेत कोणी ते वाचू नये, ही भूमिका मला मान्य आहे. पण परिणाम असा झाला की पाहुणा आणि त्याचा शब्द यांची ताटातूट झाली. आता 'सर्च कन्सोल' या दुसऱ्या दप्तरात शब्द मिळतात, तेही एकूण बेरजेच्या रूपाने : किती वेळा पान यादीत दिसले, किती वेळा दाबले गेले, सरासरी क्रमांक कोणता. उसाच्या जाती एका वहीत आणि गाड्यांची वजने दुसऱ्या वहीत, आणि दोहोंना जोडणारी चिठ्ठी नाही, अशी ही अवस्था होय. शिवाय जे शब्द फार थोड्या लोकांनी विचारले ते खाजगीपणाच्या कारणास्तव यादीतून गाळले जातात. लंडन-मुंबईच्या दुकानास याने थोडे उणे होते. वालचंदनगरच्या मराठी पानास पुष्कळ होते, कारण त्याचे सारे विचारणारेच थोडे असतात.

त्यात मराठीची प्रकृती. इंग्रजीत नाम बहुधा अविकारी राहते. मराठीत विभक्तीपूर्वी सामान्यरूप होते. 'ऊस' शोधणारा आणि 'उसाची लागण' शोधणारा यांच्या शब्दांचे पहिले अक्षरसुद्धा जुळत नाही. 'सातबारा' कोणी सलग लिहितो, कोणी 'सात बारा' तोडून, कोणी '७/१२' मराठी अंकांत, कोणी तेच इंग्रजी अंकांत, आणि कोणी सारेच रोमन लिपीत. वस्तू एक, वहीत नोंदी पाच, आणि प्रत्येकीची संख्या एवढी लहान की ती गाळली जाण्याचा संभव अधिक. उलट 'नीरा' हा शब्द पाहा. ती नदी आहे, ते रेल्वेवरचे गाव आहे, ताडामाडाचा सकाळचा रस आहे, आणि पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्रातून १९९६ साली प्रसृत झालेल्या को ८६०३२ या जातीचे नावही तेच. समजा इंदापूरकडील एखाद्या रोपवाटिकेने या जातीच्या रोपांचे पान मांडले आणि 'नीरा' या शब्दावर त्याचा क्रमांक चढत गेला, तर त्या पानावर उतरणाऱ्यांत रस शोधणारे किती आणि बेणे शोधणारे किती, हे क्रमांक सांगणार नाही. सांगेल ते उतारपेठेचे पान : किती जण उतरताच माघारी फिरले, आणि किती जणांनी रोपांचा भाव विचारला. म्हणून क्रमांकाच्या आधी पान आणि पानाच्या आधी उतारा पाहावा, हा क्रम मी योग्य समजतो. कारखान्याने तो केव्हाच ठरविलेला आहे.

या टापूत रोपवाटिका, गूळ, यंत्राचे सुटे भाग, शाळा, ग्रंथालय यांपैकी कशाचेही मराठी पान जे कोणी चालवीत असतील त्यांना एवढी विनंती आहे की, आपल्या वस्तूचे नाव लोक जितक्या रूपांनी लिहितात ती सारी रूपे त्यांनी एका वहीत मांडावीत, फोनवर गिऱ्हाइकाने उच्चारलेला शब्दही तीत त्याच दिवशी लिहावा, आणि दर महिन्याच्या पहिल्या तारखेस सर्च कन्सोलमधील नोंद स्वतःकडे उतरवून घ्यावी. त्या दप्तरात मागील सोळा महिन्यांचीच माहिती राहते. आणि आडसाली ऊस तोडीला यावयास सोळा ते अठरा महिने लागतात.