बुडवायला पाणी

आमच्या खेळाला तीन गोष्टी लागतात : हलके लाकूड, दाबाखालचा वायू आणि कमरेएवढे पाणी. पहिल्या दोन बेंगळुरूत सहज मिळाल्या. तिसरीच्या शोधात दीड वर्ष गेले. तेवढ्या काळात या शहराचा जेवढा इतिहास मला कळला, तेवढा आधीच्या अठरा वर्षांच्या मुक्कामात कळला नव्हता.

खेळ असा. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातली एखादी खरी युद्धनौका निवडायची आणि तिची १:१४४ या प्रमाणात प्रतिकृती बांधायची. सांगाडा मजबूत, पण बरगड्यांमधली कातडी बाल्सा लाकडाची, दोनेक मिलिमीटर जाड. आत रेडिओचा रिसीव्हर, मोटारी, बॅटरी, शिरलेले पाणी उपसणारा चिमुकला पंप आणि कार्बन डायऑक्साइडच्या दाबावर चालणाऱ्या तोफा. तोफांतून साडेचार मिलिमीटरचे पोलादी छर्रे सुटतात. काठावर प्रत्येकाच्या डोळ्यांना चष्मा सक्तीचा. लढाई थांबली की भोके मोजायची. अमेरिकेतल्या एका रूढ नियमावलीनुसार पाणरेषेच्या वरच्या भोकाला १० गुण, रेषेवरच्या भोकाला २५ आणि रेषेखालच्या भोकाला ५०. नौका खरोखर बुडते. मग मालक पाण्यात उतरून तिला वर काढतो, ठिगळे लावतो आणि पुन्हा सोडतो. म्हणून कमरेएवढे पाणी. कमी असेल तर नौका धड बुडत नाही, जास्त असेल तर सापडत नाही.

याची सुरुवात १८९८ सालात धरावी असे मला वाटते. त्या वर्षी निकोला टेस्लाने न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बिनतारी लहरींवर चालणारी छोटी नौका लोकांसमोर हौदात फिरवून दाखवली. त्याच वर्षी इंग्लंडात फ्रेड जेनने आपल्या आरमारी युद्धखेळाचे नियम छापले. जगातल्या युद्धनौकांची सूची करणारा तो हाच जेन. १९२७पासून स्कारबरो या इंग्रज गावातल्या पीझम उद्यानात लुटुपुटीची समुद्री लढाई होऊ लागली. तिथल्या नौका एवढ्या मोठ्या, की त्यांच्या पोटात नगरपालिकेची माणसे बसून त्या हाकत. टेस्लाचा रेडिओ, जेनचे नियम आणि स्कारबरोचे तळे या तिघांचे लग्न १९७०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत, टेक्सासमध्ये लागले. बाल्साची कातडी आणि छर्ऱ्यांच्या तोफा ही त्या मंडळींची भर.

माझी नौका आहे ‘आयएनएस दिल्ली’. मूळची ब्रिटिश क्रूझर ‘अकिलीस’. १३ डिसेंबर १९३९ रोजी प्लेट नदीच्या मुखापाशी ‘ग्राफ श्पे’ या जर्मन नौकेशी झालेल्या लढाईत ती होती. १९४८मध्ये भारताने तिला विकत घेतले. पुढे त्या लढाईवर चित्रपट निघाला तेव्हा आपल्या आरमारातल्या ‘दिल्ली’ने पडद्यावर पुन्हा ‘अकिलीस’ होऊन स्वतःचीच भूमिका केली. १९७८मध्ये ती मोडीत निघाली. खरी लांबी सुमारे १६९ मीटर. माझी भरते ११७ सेंटिमीटर. लांबी १४४ पटींनी घटते, पण वजन त्याच्या घनाने घटते. त्यामुळे सात हजार टनांचे जहाज हिशेबाने तीन किलोच्या आत येते आणि बॅटरी नक्की कुठे ठेवायची यावर रात्री जागाव्या लागतात.

बाल्सा मिळाले ते विमानांमुळे. बेंगळुरू हे विमानांचे गाव. इथल्या विमान प्रतिकृती करणाऱ्या मंडळींना हे लाकूड लागतेच. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४०मध्ये हिंदुस्थान एअरक्राफ्ट इथे काढली. जहाजबांधणीचा कारखाना मात्र त्यांनी १९४१मध्ये विशाखापट्टणमला सुरू केला. समुद्र तिकडे असल्याने तेच योग्य होते. पण माझ्यासारख्याला उगीच वाटते, की त्या वाटणीत आम्हाला पंख आले आणि पाणी गेले.

पाणी गेले म्हणताना जपून बोलायला हवे, कारण हे शहर पाण्यावरच उभे आहे. केंपेगौडाने १५३७मध्ये वसवलेल्या या गावाला मोठी नदी नाही. उतारावर एकाखाली एक तळी बांधायची, वरचे भरले की सांडव्यातून खालच्यात, अशी ती माळ होती. १६३८मध्ये विजापूरच्या फौजेने गाव जिंकले आणि पुढे ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले, तेव्हाही गाव तळ्यांवरच जगत होते. इंग्रजी अमदानीत, १८८२मध्ये, सँकी तलाव बांधला गेला.

मी शहराचे जुने नकाशे उलगडले ते निव्वळ स्वार्थाने. उथळ, बंदिस्त, रहदारीपासून दूर असे तळे हवे होते. नकाशावर निळे दिसले की स्कूटर काढायची. धर्मांबुधी तळ्याच्या जागी मॅजेस्टिकचे बसस्थानक निघाले. ते अपेक्षितच होते. संपंगी तळ्याच्या जागी कंठीरवा स्टेडियम. शूले तळ्याच्या जागी फुटबॉलचे मैदान. अक्कितिम्मनहळ्ळीच्या तळ्यात हॉकीचे स्टेडियम. चल्लघट्टाच्या तळ्यावर गोल्फचा कोर्स. कोरमंगलाच्या एका तळ्यावर १९९७च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी खेळाडूंची वसाहत. पाचव्या-सहाव्या फेरीनंतर मी हसायचा थांबलो. या शहराने आपली तळी बुजवली ती बरीचशी खेळासाठी! आणि तळे लागणारा एकच खेळ घेऊन मी दारोदार हिंडत होतो.

संपंगीचा मात्र एक चौकोनी तुकडा स्टेडियमच्या कुंपणाशेजारी शिल्लक आहे. करग उत्सवातल्या विधींना तेच पाणी लागते, म्हणून तो वाचला. देवाला लागते ते पाणी टिकते, हे मी वहीत टिपून ठेवले.

उरलेल्या जिवंत तळ्यांत उतरायची मला भीती वाटली. बेळ्ळंदूर तलावाला २०१७मध्ये आग लागली होती. अल्सूरला २०१६मध्ये मेलेल्या माशांचा खच पडला होता. आणि तळे चांगले असेल तर त्यात शेकडो छर्रे सोडून यायचे, हेही मनाला पटेना. पाणकावळ्याने मासा समजून गिळला तर?

मग सुचल्या त्या कल्याणी. गणेशविसर्जनासाठी तळ्यांच्या कडेला महापालिकेने बांधलेले सिमेंटचे हौद. कमरेएवढे पाणी, उतरायला पायऱ्या, वर्षातले कितीतरी महिने रिकामे, आणि मुळात बुडवण्यासाठीच बांधलेले. मी एका कचेरीत अर्ज घेऊन गेलो. अर्जात ‘युद्ध’ हा शब्द होता तो खोडून ‘स्पर्धा’ केला, ‘तोफा’ खोडून ‘उपकरणे’ केले. समोरच्या बाईंनी तो शांतपणे वाचला आणि हिंदीत विचारले, ‘‘तुमच्या घरी गणपती बसतो ना?’’ बसतो म्हटले. ‘‘मग तुम्हीच सांगा, देऊ का परवानगी?’’ मी अर्ज परत घेतला. घरी आईला हे सांगितल्यावर ती म्हणाली, ‘‘शहाणी दिसते ती बाई.’’

शेवटी एका गृहसंकुलाचा पोहण्याचा तलाव ठरला. तारीख मार्च २०२४मधली. हैदराबादहून दोघे आणि पुण्याहून एक जण येणार, तिकिटे काढलेली. पुण्याच्या गृहस्थांचा आग्रह होता, की पहिली लढाई खांदेरीची करावी. १६७९मध्ये मायनाक भंडारी आणि दौलतखान यांच्या छोट्या होड्यांनी इंग्रजांच्या ‘रिव्हेंज’ला दमवले, ते दाखवू. कल्पना मोहात पाडणारी होती. पण १:१४४मध्ये गलबत वीतभरही भरेना. त्यात पंप कुठे बसवणार?

तो वाद मिटायच्या आत शहरातले पाणीच संपले. २०२३चा पाऊस कमी झाला होता, कूपनलिका आटल्या होत्या. मार्चमध्ये जलमंडळाने पिण्याचे पाणी गाड्या धुणे, बागा आणि कारंजी यांसाठी वापरायला बंदी घातली. दंड ५००० रुपये. पाठोपाठ पोहण्याचे तलावही त्यात आले. ज्या संकुलात आम्ही लढणार होतो, तिथल्या बायका सकाळी टँकरची वाट बघत बादल्या मांडून बसलेल्या मी पाहिल्या. कावेरीचे पाणी शंभरेक किलोमीटरवरून चढ चढवून या शहरात आणतात. त्यातले हजारो लिटर मी बाहुल्यांची जहाजे बुडवायला मागत होतो. त्याच संध्याकाळी सगळ्यांना फोन करून मेळावा रद्द केला. कुणी कुरकुर केली नाही, पण पुढचे काही महिने ‘दिल्ली’ कपाटावर पालथी पडून होती आणि तिच्याकडे बघायला मला संकोच वाटे.

मेळावा झाला तो पुढच्या जानेवारीत, चिक्कबळ्ळापूरच्या बाजूला. तिथल्या एका तुतीच्या मळ्यात ठिबकसाठी बांधलेला सिमेंटचा हौद आहे. आमच्यातला एक जण एनसीसीच्या नौदल शाखेत असताना जहाजांच्या प्रतिकृती करायचा. त्याच्या ओळखीने तो मिळाला. मालकाच्या अटी दोन. पाण्यात तेलाचा थेंब पडता कामा नये, आणि एकही छर्रा मागे राहता कामा नये. ‘‘छर्रा फिल्टरमध्ये गेला तर माझे किडे उपाशी, सार.’’ त्याला भाडे नको होते. आम्ही सात माणसे, पाच नौका. किती छर्रे भरले ते त्याने स्वतः मोजून भिंतीवर खडूने लिहिले : ३४०.

लढाई चाळीस मिनिटांत आटोपली. ‘दिल्ली’ला रेषेखाली सहा भोके पडली. पंप थोडा वेळ झगडला, मग ती डाव्या कुशीवर झुकली आणि गेली. मी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली होती त्याचा काही उपयोग नव्हता. जानेवारीचे पाणी कमरेशी आले तेव्हा तोंडातून जो शब्द निघाला तो इथे छापता येणार नाही.

नंतर दोन तास आम्ही जुन्या स्पीकरचे लोहचुंबक दोरीला बांधून हौदाचा तळ झाडत होतो. मालक झडपेपाशी उकिडवा बसून मोजत होता. ३३१वर गाडी अडली. पुन्हा झाडले, कोपरे चाचपले, गाळ चाळला. नऊ कमीच. दुपार कलली होती, तुतीला पाणी द्यायची वेळ झाली होती आणि तो झडपेला हात लावत नव्हता.

मग एनसीसीवाल्याने काठावर निथळत ठेवलेली ‘दिल्ली’ उचलून कानाशी हलवली. आत खळखळ वाजत होते. डेक उघडून ती घमेल्यात उपडी केली. आठ पडले. नववा पंपाच्या तोंडात अडकला होता, तो चिमट्याने काढावा लागला. मालकाने तो बोटांत धरून बघितला, भिंतीवरचा आकडा तळहाताने पुसला आणि झडप फिरवली.