मोठ्या आवाजासाठीं जन्मलेली गिटार

श्रोतेहो, आज ज्या वाद्याची हकीकत मी सांगणार आहें, तें आपल्याकडील नव्हे. तें अमेरिकेंत जन्मलें. विजेच्या साह्याशिवाय त्याचा आवाज सर्वांना ऐकूं जावा, हाच त्याच्या जन्माचा हेतु होता. असें असूनहि त्याच्यापुढें कोणता मायक्रोफोन ठेवावा, हा प्रश्न आज वादकांस पडतो. असें कां झालें?

विसाव्या शतकाच्या प्रारंभीं अमेरिकेंत हवाई बेटांतील गिटारवादनाची आवड वाढली. गिटार मांडीवर आडवी ठेवावयाची आणि तारांवरून पोलादी कांडी सरकवीत सूर काढावयाचे, अशी ती रीत. सूर गोड, पण क्षीण. नाटकगृहांत पितळी वाद्यें गर्जूं लागलीं, कीं गिटारवाल्याचे हात तेवढे हलतांना दिसत! जॉर्ज बीचम नांवाच्या वादकास हें दुःख असह्य झालें. तो लॉस एंजेलिसमधील जॉन डोपिएरा या कारागिराकडे गेला. डोपिएरा जातीनें स्लोव्हाक, १८९३ सालीं युरोपांत जन्मलेला. त्यानें ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्याचे तीन शंकु गिटारीच्या पोटांत बसविले. तारांचें कंपन घोडीवाटे या शंकूंत उतरे आणि तेथून घणघणत बाहेर पडे. १९२७ सालीं ही ‘नॅशनल’ गिटार बाजारांत आली. पुढच्याच वर्षीं डोपिएरा वेगळा झाला, आणि भावांसह त्यानें वाटीसारख्या उताण्या एका शंकूची ‘डोब्रो’ काढली. या नांवांत ‘डोपिएरा ब्रदर्स’ यांचीं आद्याक्षरें आहेत. शिवाय स्लोव्हाक भाषेंत त्याचा अर्थ ‘चांगलें’ असाहि होतो.

पण दैवाचा खेळ पाहा. बीचमची आवाजाची भूक एवढ्यानें भागली नाहीं. ॲडॉल्फ रिकनबॅकर यांच्या सहकार्यानें त्यानें लोहचुंबकावर चालणारी विजेची गिटार तयार केली. ती १९३२ सालीं विक्रीस आली आणि १९३७ सालीं तिचें पेटंट त्यास मिळालें. ज्याच्या हट्टामुळें पत्र्याची गिटार निर्माण झाली, त्यानेंच तिचें प्रयोजन नाहींसें केलें!

तरीहि ती मेली नाहीं. आवाजाच्या शर्यतींत ती हरली. परंतु पत्र्यांतून निघणारा तो किंचित् अनुनासिक, विलापी सूर दुसऱ्या कोठें मिळत नव्हता. १९३९ सालीं पीट कर्बी हा रॉय ॲकफच्या ताफ्यांत आला आणि नॅशव्हिलच्या ‘ग्रँड ओल ऑप्री’ या नभोवाणी कार्यक्रमांतून डोब्रो घराघरांत पोहोंचली. १९५५ सालीं जॉश ग्रेव्हज हा फ्लॅट व स्क्रग्ज यांच्या मंडळींत आला. त्या काळीं सगळा ताफा एकाच मायक्रोफोनभोंवतीं उभा राही. ज्याची पाळी येई, तो पुढें सरे. त्याचें झालें, कीं मागें हटे. आवाजाचें प्रमाण पावलांनीं राखावयाचें!

पुढें रंगमंचावर ज्याचा त्याचा मायक्रोफोन आला, वादकाच्या पायाशीं कर्णा आला, आणि त्याबरोबर किंचाळीहि आली. आमच्या शाळेच्या एका संमेलनांत ती मीं ऐकली आहे. ऐन गाण्यांत कर्णा ओरडूं लागला. गाणारी मुलगी रडकुंडीस आली. माइकवाल्यानें कर्णा जरा फिरविला मात्र, सारें शांत! कर्ण्याचा आवाज मायक्रोफोनांत शिरतो, वाढून पुन्हां कर्ण्यांतून येतो, आणि हें चक्र थांबत नाहीं. पत्र्याचा शंकु तर बाहेरच्या आवाजानेंहि थरथरतो. म्हणून या गिटारीस हा धोका विशेष.

तेव्हां निवड कशी करावी? तारांखालीं चुंबक बसविला तर किंचाळी कमी होते. परंतु चुंबकाला पोलादी तार तेवढी कळते, पत्र्याचें बोलणें कळत नाहीं. वेंट यांनीं १९१६ सालीं शोधलेल्या कंडेन्सर जातीचा मायक्रोफोन बारीकसारीक सूर टिपतो. शांत, लहान सभागृहांत तोच उत्तम. जेथें ढोल आणि कर्णे गर्जत आहेत, तेथें एका दिशेचें अधिक ऐकणारा साधा डायनॅमिक मायक्रोफोन बरा. बेंजामिन बाउर यांनीं रचलेला श्युअर कंपनीचा ‘युनिडाइन’ १९३९ सालीं आला. त्याच परंपरेंतील, १९६५ सालचा ‘एसएम ५७’ आजहि अनेक रंगमंचांवर दिसतो. याचें ऐकणें हृदयाकृति असतें: समोरचें स्पष्ट, पाठीमागचें अत्यल्प. म्हणून त्याची पाठ कर्ण्याकडे करावी आणि तोंड शंकूकडे. अंतर वीतभर पुरे. कारण अंतर निम्मं केलें, कीं वाद्याचा ध्वनिदाब सुमारें दुप्पट होतो, आणि तितका कर्ण्याचा जोर कमी ठेवतां येतो. सूर कर्कश वाटल्यास तोंड शंकूच्या मध्यापासून किंचित् कडेला वळवावें.

श्रोतेहो, बीचमला हवा होता तो केवळ मोठा आवाज, आणि तो त्यास मिळाला. पण लोकांनीं जतन केला तो डोपिएराच्या पत्र्याचा सूर. मायक्रोफोन निवडतांना हें विसरूं नये. आवाज मोठा झाला आणि वाद्य ओळखूं येईनासें झालें, तर आपण काय ऐकविलें?