पावणेसातची गाडी आणि वसतिगृहातली खाट

१२ एप्रिल १८६७ या दिवशी सकाळी पावणेसात वाजता विरारहून मुंबईच्या बॅक बेकडे एक गाडी सुटली आणि संध्याकाळी साडेपाचला तिकडून परत निघाली. पश्चिम रेल्वेच्या उपनगरी वाहतुकीची सुरुवात इथून मानतात. तेव्हा ही रेल्वे ‘बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया’ कंपनीची होती. आपल्या आजोबांच्या तोंडी असलेली ‘बीबीसीआय’ ती हीच. सुरतेकडून आलेला तिचा रूळ १८६४च्या नोव्हेंबरात ग्रँट रोडपर्यंत पोचला होता. जुन्या नोंदींत स्थानकांची नावं वाचताना मजा येते: बसीन म्हणजे वसई, बोरेवला म्हणजे बोरिवली, अंडारू म्हणजे अंधेरी.

मला त्या नावांपेक्षा वेळा जास्त बोलक्या वाटतात. सकाळी जा, संध्याकाळी या. पहिल्या दिवसापासून या मार्गाच्या वेळापत्रकाने एक ठरावीक प्रवासी गृहीत धरला होता. त्याच्या हातात फार सामान नाही, त्याचं शहरात काम आहे, आणि रात्री झोपायला तो घरी येणार आहे. आम्ही सॉफ्टवेअरवाले याला ‘डिफॉल्ट युजर’ म्हणतो. एकदा का तो ठरला, की बाकीच्यांनी आपापली सोय बघायची.

बाकीच्यांत एक होता विद्यार्थी. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झालं होतं. भायखळ्याचं ग्रँट मेडिकल कॉलेज त्याहून जुनं, १८४५चं. पुढे १८८७ला भायखळ्यातच व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट निघालं. तेच १९२३ला माटुंग्याला गेलं आणि आज आपण त्याला व्हीजेटीआय म्हणतो. या सगळ्या ठिकाणी शिकायला येणारा बाहेरगावचा मुलगा ट्रंक आणि वळकटी घेऊन एकाच दिशेने प्रवास करायचा. रेल्वे त्याला स्टेशनपर्यंत आणून सोडायची. खरा प्रश्न फलाटाबाहेर पडल्यावर सुरू व्हायचा: आज रात्री अंथरूण पसरायचं कुठे?

नातेवाईक असले तर त्यांच्या खोलीत, नाहीतर जातीतल्या कुणाच्या ओळखीने एखाद्या चाळीत. म्हणजे शिक्षण घेता येणार की नाही हे परीक्षेइतकंच ओळखीवर ठरायचं. ज्या जातींची शहरात बिऱ्हाडं होती त्यांची मुलं टिकायची, बाकीची ट्रंक उचलून परत जायची. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी हा पेच सगळ्यात स्पष्ट ओळखला असं मला वाटतं. मिरज-कोल्हापूर रेल्वे १८९१ला सुरू झाली. दहा वर्षांनी, १९०१ साली, त्यांनी व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं. मग जैन, मुस्लिम, लिंगायत, आणि १९०८ला अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह. जातवार वसतिगृहं काढली म्हणून त्यांच्यावर आजही टीका होते. पण खोली जातीवरच मिळत होती, हे वास्तव त्यांनी घडवलेलं नव्हतं. भाऊराव पाटलांनी १९२४ला साताऱ्यात सगळ्या जातींची मुलं एका छपराखाली ठेवली, ही त्यापुढची पायरी. १९२७ला त्या वसतिगृहाला शाहू महाराजांचंच नाव दिलं गेलं.

गाडी नेते पण खोली मिळत नाही, याचा सगळ्यात जळजळीत दाखला मात्र आमच्याच रुळावरचा आहे. बाबासाहेब आंबेडकर १९१३च्या जुलैमध्ये न्यू यॉर्कला कोलंबिया विद्यापीठात पोचले. तिथे १९०४पासून भुयारी रेल्वेचं स्टेशन विद्यापीठाच्या दारातच होतं. राहण्याच्या दोन-तीन जागा बदलून ते लिव्हिंग्स्टन हॉल या वसतिगृहात स्थिरावले. तिथले त्यांचे सोबती होते नवल भथेना, मुंबईचे पारशी. मैत्री आयुष्यभर टिकली. १९१७ला परत आल्यावर करारानुसार नोकरीसाठी त्यांना बडोद्याला जावं लागलं. ती गाडी वसई, विरार, पालघर, डहाणू करतच जाते. तिकीट काढलं की डब्यात बसता येत होतं. बडोद्यात उतरल्यावर मात्र एकही हॉटेल त्यांना घेईना. शेवटी पारशांच्या एका विश्रामगृहात खोटं पारशी नाव नोंदवून ते राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव आला आणि त्यांना बाहेर काढलं. सामान घेऊन ते सार्वजनिक बागेत बसून राहिले आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला परतले. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये त्यांनी हे लिहून ठेवलंय. न्यू यॉर्कच्या वसतिगृहात एका पारशाबरोबर राहिलेल्या माणसाला बडोद्यात पारशी विश्रामगृहाने बाहेर काढलं. मधे फक्त काही वर्षांचं अंतर आणि एक रेल्वेप्रवास.

पुढे बाबासाहेबांनी वसतिगृहांवर एवढा भर का दिला हे यानंतर वेगळं सांगायला नको. बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५च्या सुरुवातीला सोलापुरात वसतिगृह उघडलं. १९४६ला मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू झालं, तेव्हा नोकरी करणाऱ्या मुलांना येता यावं म्हणून वर्ग सकाळी ठेवले गेले. म्हणजे पावणेसातच्या गाडीचा प्रवासी आणि विद्यार्थी एकच असू शकतो, हे कॉलेजच्या वेळापत्रकाने मान्य केलं.

आता वसईकडे येतो. रेल्वेआधी इथून मुंबई म्हणजे खाडी ओलांडणं. पुलांनी ते संपवलं, मधलं पाणजू बेट मागे टाकत गाड्या धावू लागल्या. विजेची गाडी १९२८ला बोरिवलीपर्यंत आली आणि १९३६ला विरारपर्यंत. माझ्या मते आमच्या भागातल्या विद्यार्थ्यांच्या बाबतीत सगळ्यात मोठा बदल त्या वर्षी झाला, आणि तो दोन्ही बाजूंनी धार असलेला होता. चर्चगेटपासून वसई रोड बावन्न किलोमीटर, विरार साठ. विजेच्या गाडीने हे अंतर रोजच्या येण्याजाण्याच्या टप्प्यात आणलं. वसईच्या वाडीतली केळी, पानं, भाजी आणि फुलं जशी मुंबईत जायची, तशी मुलंही जाऊ लागली. शिकण्यासाठी घर सोडायची गरज उरली नाही, मुलींना तर नाहीच नाही. किती घरांत ‘हॉस्टेलला पाठवणार नाही’ याचं उत्तर ‘संध्याकाळी घरी येते ना’ असं दिलं गेलं असेल! हे लोकलचं फार मोठं देणं आहे.

आणि त्याच गाडीने आमचा खाटेवरचा हक्क काढून घेतला. मी इंजिनिअरिंगला होतो तेव्हा वसतिगृहाच्या अर्जावर ‘जवळचं रेल्वे स्टेशन’ असा रकाना होता. तिथे ‘विरार’ लिहिलं की पुढचं बोलणं संपायचं. उपनगरी हद्दीत राहता, पास काढा. यात अन्याय नाही असं मी त्या वेळीही स्वतःला समजावत होतो, कारण खाटा मोजक्या आणि मुलं लांबून आलेली. पण ‘उपनगरी हद्द’ ही माणसाच्या थकव्यावरून आखलेली नाही, गाडीच्या पाटीवरून आखलेली आहे. विरारला सकाळी बसायला जागा हवी तर नालासोपाऱ्याचा माणूस उलटा विरारला येतो, ज्याला आम्ही ‘रिटर्न मारणं’ म्हणतो. आल्यावर उभ्याने प्रॅक्टिकलची जर्नल लिहिता येत नाही. चार वर्षांत माझे किती तास त्या डब्यात गेले याचा हिशेब मी एकदा एक्सेलमध्ये मांडला होता आणि फाईल बंद करून टाकली.

२०१३ला उपनगरी सेवा डहाणूपर्यंत गेली. चर्चगेटपासून एकशे चोवीस किलोमीटर, लोकलने पावणेतीन-तीन तास. पुढच्या वर्षी ठाण्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला. डहाणू रोडच्या मुलीला ‘तुम्ही उपनगरी हद्दीत’ असं कुणी सांगत असेल तर १८६७चं वेळापत्रक अजून संपलेलं नाही. आणि जव्हार-मोखाड्यात तर रेल्वेच नाही. तिथून एसटीने विक्रमगड, मनोर करत पालघर स्टेशन गाठायचं, मग गाडी. आदिवासी मुलांसाठी शासकीय वसतिगृहं आहेत. तिथे जागा न मिळालेल्यांच्या राहण्या-जेवणासाठी स्वयम् योजना आहे, आणि अनुसूचित जातींच्या मुलांसाठी स्वाधार. पैसे मिळणं आणि खोली मिळणं यात फरक आहे, हे मुंबईत भाड्याची जागा शोधलेल्या कुणालाही माहीत आहे.

माझ्या वर्गातला एक मित्र मोखाड्याकडचा. त्याचा वसतिगृहाचा हक्क निर्विवाद होता, पण यादी लागली ती कॉलेज सुरू होऊन दीड महिना उलटल्यावर. तोवर तो विरारला आमच्या घरी राहिला. त्याची पत्र्याची ट्रंक गॅलरीत, तो हॉलमध्ये, आणि रोज सकाळी आम्ही दोघं एकाच डब्यात लटकलेले. आई त्याला म्हणायची, “तुझं हॉस्टेल होईस्तोवर तूही आमच्यासारखाच झालास बघ.” यादी लागली त्या आठवड्यातल्या रविवारी दुपारी आम्ही ट्रंक मालडब्यात चढवली. आडवारी आणि आडवेळ दोन्ही बघून निघालो होतो, तरी भाजीचे हारे आणि दुधाच्या रिकाम्या किटल्या होत्याच. एका काकांनी पायाने किटली सरकवली आणि म्हणाले, “पेटीवरच बस पोरा, कोण उठवतंय तुला.” दादरला उतरताना दोन्ही कड्या धरून खाली घेतली. पुलावरून नेताना मधे दोनदा टेकवावी लागली. वसतिगृहात त्याला मिळालेली खाट खिडकीकडची होती, तिच्यावर गादी नव्हती. ती आणायला आम्ही पुन्हा खाली उतरलो.