रिकामं दावं

आजोबा बैल विकून बाजारातून परतले की त्यांच्या खांद्यावर रिकामं दावं असायचं. जनावर चाकणला गेलं तरी दावं घरी यायचं, ही आमच्या नाणे मावळातल्या घराची रीत. नव्या मालकाने स्वतःचा कासरा आणायचा. मी लहानपणी विचारलं, तर म्हणाले, "आपल्या दाव्यानं त्यानं उद्या कुणाचं शेत खाल्लं तर?" मला तेव्हा ते हसण्यावारी वाटलं. पुढे कामशेतला जुन्या हायवेच्या कडेला गॅरेज टाकलं, जुन्या गाड्या घेतल्या-विकल्या, आणि पन्नाशी उलटल्यावर त्या वाक्याचा अर्थ एका समन्सने समजावला.

पण आधी बाजार. चाकणचा शनिवारचा बैलबाजार म्हणजे आमच्याकडची खरेदी-विक्रीची शाळा. हेड्या, म्हणजे जनावरांचा दलाल, बैलाचा ओठ वर करून दात दाखवायचा: आदत, दोनदाती, चारदाती, सहादाती, जुळलेला. वय सांगणारा तो एकच कागद, आणि तोही खोटा करणारे होतेच. कुणी दात घासायचे, कुणी शिंगं साळून तेल लावायचे, कुणी आदल्या रात्री मीठ चारून सकाळी पोटभर पाणी पाजायचे, म्हणजे मरतुकडं जनावरही भरलेलं दिसावं. भाव मात्र रुमालाखाली. दोन हात कापडाआड, बोटांची धरसोड, बघणाऱ्याला काही कळायचं नाही. विसार द्यायचा तो शेवटी. बैल चालवून, जुवाला जुंपून, पाठीवर हात फिरवून झाल्यावर. जनावर न बघता विसार मागणारा माणूस त्या बाजारात वेडा ठरला असता.

गाड्यांचा बाजार याच बाजाराचा नातू आहे. फरक एवढाच, की सुरुवातीला त्यात विकणाराच राजा होता. परवान्यांच्या काळात गाडी मिळायची कुठे? वालचंद हिराचंद यांनी 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट बाहेर पडू लागली, पण नंबर लावून वर्षानुवर्षं थांबायचं. आमच्या शेजारी आकुर्डीत बजाजची स्कूटर बनायची, तिचीही तीच कथा. त्यामुळे वापरलेली स्कूटर नव्या स्कूटरपेक्षा महाग विकली जायची. आज हे सांगितलं की पोरं मला खोटारडा म्हणतात. डिसेंबर 1983 मध्ये मारुती 800 आली आणि हळूहळू घेणाराही माणसात गणला जाऊ लागला.

मी धंद्यात आलो तेव्हा रस्त्यावर राज्य प्रीमियरच्या पद्मिनीचं होतं. जुन्या मीटरला पाचच आकडे. 99,999 नंतर पुन्हा शून्य. त्यामुळे मीटरवर कुणी फारसा विश्वास ठेवत नसे, आणि ते बरंच होतं. शिवाय मागची केबल सोडून ठेवली की गाडी पळते आणि मीटर झोपतं. म्हणून आम्ही पेडल बघायचो. मीटर तीस हजार सांगतंय आणि क्लचच्या पेडलचं रबर गुळगुळीत झालंय, तर खोटं कोण बोलतंय ते उघड आहे. इंजिन धूर टाकत असेल तर जाड ऑइल भरायचं, डिफरन्शियल ओरडत असेल तर ग्रीसमध्ये लाकडाचा भुसा कालवायचा. (मी हे केलंय का, विचारू नका.) मुंबईहून आलेल्या पांढऱ्या शुभ्र पद्मिनीच्या दाराची बिजागरी नखाने खरवडली, की कधीकधी खालून काळा-पिवळा रंग डोकावायचा. खाजगी म्हणून आलेल्या गाडीचा जन्म टॅक्सीचा.

या सगळ्यावर आमच्याकडे एक न्यायाधीश होता: घाट. गिऱ्हाईक शहाणं असेल तर म्हणायचं, "खोपोलीला उतरवू, वर आणू, मग बोलू." खोपोलीपासून लोणावळ्यापर्यंत पाचशे मीटरहून जास्त चढ. भुसा भरलेला डिफरन्शियल पहिल्या वळणाला गप्प असतो, पाचव्याला ओरडतो. अमृतांजन पुलापर्यंत पोचण्याआधी रेडिएटर उकळला की भाव आपोआप खाली यायचा. घाटातल्या शिंगरोबाच्या देवळात नाणं टाकताना विकणाराच जास्त मनापासून हात जोडायचा. 2002 साली एक्स्प्रेसवे पूर्ण सुरू झाला, 2020 च्या लॉकडाऊनमध्ये अमृतांजन पूलही पाडला. आता टेस्ट ड्राइव्ह म्हणजे सोसायटीच्या गेटापासून पेट्रोलपंपापर्यंत.

26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला आणि मुंबईतल्या कितीतरी गाड्या छतापर्यंत बुडाल्या. त्या धुऊन, सुकवून, अत्तर मारून पुढची दोन वर्षं घाटावर येत राहिल्या. मावळात पाऊस कमी नाही, पण आमचं पाणी वरून पडतं, आतून चढत नाही. बुडालेली गाडी ओळखायची विद्या आम्ही तेव्हा शिकलो.

आता समन्स. 2014 साली मी माझी व्हॅन एका एजंटला दिली. 29 आणि 30 नंबरचे फॉर्म, ज्यांना आमच्यात टीटी फॉर्म म्हणतात, कोरे सही करून. सगळेच द्यायचे. गाडी गेली, पैसे आले, मी विसरलो. दोन वर्षांनी कळलं की व्हॅनने कुणालातरी उडवलंय, आणि आरसी बुकावर अजून माझंच नाव आहे. कायद्याने विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात चौदा दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. मी चौदा मिनिटंही दिली नव्हती. गाडी गेली होती, दावं माझ्या गळ्यात राहिलं होतं. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात हेच सांगितलं: मधे कितीही हात बदलोत, नोंदीवर ज्याचं नाव तो मालक, भरपाई त्याच्या डोक्यावर. 1 एप्रिल 2023 पासून अधिकृत डीलरला गाडी दिल्याची रीतसर नोंद झाली की जबाबदारी त्याची. आजोबांची रीत सरकारी नियमात उतरली, उशिरा का होईना.

मात्र माझ्या काळातल्या सगळ्या फसवणुकीत निदान गाडी होती. हल्ली गाडीच नसते. गेल्या वर्षी शेजारचा पोरगा फोन घेऊन आला. स्विफ्ट, एक लाख तीस हजार, विकणारा फौजी, बदली झालीय म्हणून घाई. गणवेशातला फोटो, ओळखपत्र, सगळं. ही थाप देशभर चालते, पण आमच्याकडे जास्त खपते. लोणावळ्यात नौदलाचं आयएनएस शिवाजी, देहूरोडला लष्कर, तळेगावला सीआरपीएफ. मावळात प्रत्येक गल्लीत एक फौजी काका आहे आणि तो खोटं बोलत नाही. त्याचं नाव पांघरलं की अर्धं काम झालं. पोराने "लष्करी ट्रकच्या भाड्याचे" साडेबारा हजार भरले होते आणि आता समोरचा जीएसटीचे मागत होता. मी 1930 या सायबर हेल्पलाइनला फोन लावायला लावला. पैसे आले नाहीत. त्याच्या मित्राचं तर उलटं झालं: तो विकणारा, घेणाऱ्याने क्यूआर कोड पाठवला, "स्कॅन करून पिन टाका, पैसे जमा होतील." पैसे घ्यायला पिन कशाला लागतो, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

पोराला मी म्हटलं, यापुढे गाडीच्या पाठीवर हात ठेवल्याशिवाय विसार नाही. महिन्याभरात त्याने दुसरी गाडी शोधली, वडगावात, खरी, उभी असलेली. चेसिस नंबर आरसीशी जुळला, सरकारी 'वाहन' पोर्टलवरच्या नोंदीत कर्जाचा बोजा नव्हता, पेंट एकसारखा. मालक सभ्य, चहा दिला. मी मागच्या सीटवर बसलो आणि सीटबेल्ट ओढला. ओढत राहिलो, शेवटच्या टोकापर्यंत. वरचा पट्टा काळाभोर, धुतलेला. तळाशी, जिथे कुणी कधी ओढत नाही, तिथे बोटभर रुंद पिवळट रेघ, वाळलेल्या चिखलाची.

मालक दारात उभा होता. "काका," तो म्हणाला, "तुम्ही गाडी घेताय की पट्टा?"

पोराने चहाचा कप खाली ठेवला आणि चपला शोधू लागला.